परत मागितलेले टायर

आमच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी टायरला लाथ मारायचं आणि मग बोलायला सुरुवात करायचं. भिंतीला टेकवून ठेवलेला नवाकोरा टायर, त्याच्यावरचा कागदसुद्धा काढलेला नाही, आणि हे राजे चपलेच्या टोकानं त्याला ढोसून बघणार. मग गंभीरपणे मान हलवणार. त्या लाथेतून त्यांना काय कळायचं ते देव जाणे. देवळीकडच्या एका पाटलांना मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "मारून पाहा लागते भाऊ." का पाहावं लागतं ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला मात्र त्या लाथेचा मनापासून राग यायचा. बाजारात वांगी घेताना कोणी वांग्याला लाथ मारत नाही.

माझं सगळं कामाचं आयुष्य वर्ध्याच्या या फटफटीच्या टायरच्या दुकानात गेलं. फिटर म्हणून लागलो. पुढे शेठजींनी काउंटरवर बसवलं, पण हातातली पट्टी काही सुटली नाही. पट्टी म्हणजे टायर रिममधून उचकटून काढायची लोखंडी सळई. शेठजी म्हणायचे, "मधुकर, तू आता काउंटरचा माणूस झाला, हात धूत जा." हात धुऊनही काळे ते काळेच. पिपरीला मुलगी बघायला गेलो तेव्हा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. पोहे खायची वेळ आली आणि बिंग फुटलं. तिनं तरीही होकार दिला, हे तिचे उपकार.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना वाटतं की टायर म्हणजे रबराचं गोल कडं. तसं नसतं. टायर म्हणजे खरं तर गोधडी आहे. आत दोऱ्यांचे थर असतात, एकावर एक, तिरपे टाकलेले. भार सगळा हे दोरे धरतात, रबर फक्त त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं आणि वरून रस्त्याला घासतं. गिऱ्हाईक बघतं ते वरच्या गोट्या, म्हणजे रस्ता पकडणारी ती नक्षी. गोट्या खोल असल्या की टायर चांगला, झिजल्या की वाईट, एवढंच त्याचं शास्त्र. आतल्या दोऱ्यांचं काय चाललंय ते बाहेरून ना त्याला दिसत ना मला.

गिऱ्हाईकंही एकेक नग होती. एक म्हातारे बुवा दरवेळी फक्त पुढचा टायर नवा घेत. मागचा अगदी पाटीसारखा गुळगुळीत. मी म्हटलं, "बुवा, भार तं मागं असते, आधी मागचा बदला." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मागचं चाक पुढच्याच्या मागंच येते ना बापा? पुढचं चांगलं असलं म्हन्जे झालं." मी गुपचूप पुढचाच टायर बसवून दिला. दुसरा एक जण टायर बसवून झाला की चाकाखाली लिंबू ठेवायचा, लिंबू फुटेपर्यंत गाडी पुढे घ्यायचा, आणि फुटलेल्या लिंबाचं सरबत करता येईल का असं मलाच विचारायचा.

अशा सगळ्या मंडळींच्या दुकानात एका उन्हाळ्यात कंपनीचे साहेब आले. सत्तरचं दशक सरत आलं होतं. नेहमी येणारे, पान खाऊन गप्पा मारणारे विक्रीचे साहेब नव्हेत. हे थेट कारखान्यातले, दक्षिणेकडचे, अंगानं बारीक. सकाळच्या गाडीनं उतरले ते स्टेशनवरून चालतच आले. चहा समोर ठेवला तर त्याला हात लावला नाही. म्हणाले, आधी गोदाम दाखवा.

टायरच्या बगलेवर कंपनीचा नंबर उठवलेला असतो. साहेबांनी कंदील मागून घेतला आणि गुडघ्यांवर बसून एकेका टायरचा नंबर वाचायला लागले. ठरावीक अक्षरानं सुरू होणारा नंबर आला की त्यावर खडूनं फुली मारायची आणि टायर बाजूला. गोदामातले सगळे बघून झाल्यावर ते उठले आणि शेठजींना म्हणाले, "ये बेचना नहीं. और जो बेच दिया है, वो वापस लाना है. बदले में नया देना है."

शेठजींना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि कारणही सांगितलं. त्या खेपेला कारखान्यात दोरा आणि रबर नीट चिकटलं नव्हतं. बाहेरून टायर देखणा. पण गाडी पळाली, रस्ता तापला, टायर तापला की आतले थर एकमेकांपासून सुटतात. सुटलेल्या जागी फुगा धरतो. मग एका क्षणी तो फुटतो, आणि फुटताना काहीही सूचना देत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात एक नवरा-बायको असे पडले होते. त्यांचं पुढे काय झालं हे साहेबांनी सांगितलं नाही. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलंही नाही.

साहेब जेवायला गेल्यावर शेठजी गल्ल्यावर येऊन बसले. "मधुकर," ते म्हणाले, "माहे वडील धंद्यात गेले, मी धंद्यात म्हातारा झालो. विकलेला माल वापस मांगनारा मानूस आज पयल्यांदा पाहिला." खरं सांगतो, मलाही भारावल्यासारखं झालं होतं. कुठला कोण माणूस, कुठला कारखाना, आणि आमच्या आर्वी-सेलूच्या धुळीत फिरणाऱ्या कोणाच्या तरी पाठीमागे बसलेल्या बाईची त्याला काळजी लागली होती.

आता प्रश्न असा की टायर शोधायचे कसे. आमचं गिऱ्हाईक यायचं, रोख द्यायचं, टायर खांद्यावर अडकवून एसटी पकडायचं. त्याचं नाव-गाव कोण लिहून ठेवतो? मग आम्ही गावातल्या पद्धतीनंच काम काढलं. एसटी स्टँडवर जाऊन ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगितलं. त्यांनी ते थांब्याथांब्यावर सांगितलं. गावोगावच्या कोतवालांना निरोप गेले आणि त्यांनी दवंड्या दिल्या: अमक्या कंपनीचा, अमक्या अक्षराचा टायर असेल त्यांनी वर्ध्याला दुकानात आणून द्यावा, नवीन फुकट मिळेल. मी निर्धास्त होतो. फुकट म्हटल्यावर दुकानापुढे रांग लागणार, हे मला दिसत होतं.

आठवडा गेला तरी एकही टायर आला नाही.

मला काही सुधरेना. शेवटी सेलूच्या एका पानठेल्यावर खरी गोष्ट कळली. पानवाला मला ओळखत नव्हता. तो मोठ्या विश्वासानं सांगायला लागला, "कंपनी टायर वापस मांगून राह्यली म्हन्ते. फुकट नवीन देतो म्हन्ते. काऊन देईन कोनी फुकट? चुकीनं चांगलं रबर पडलं त्याच्यात. परदेशाचं. आता कंपनीले समजलं, म्हून मांगून राह्यली. ज्याच्याजवळ हाय त्यानं लपवून ठेवला पाह्यजे."

मी कपाळाला हात लावला. पण त्याचा तर्क तपासून पाहा, एकही कच्चा दुवा सापडायचा नाही. आमच्या लोकांना आयुष्यभर जे जे परत मागितलं गेलं ते चांगलं होतं म्हणूनच. वाईट वस्तू परत घ्यायला कोणी त्यांच्या दारात आलंच नव्हतं. आमची दवंडी जितकी गाजली तितके टायर आत दडत गेले. कोणी ते कोठीत ठेवले, कोणी खास प्रवासासाठी राखले. लग्नसराईचे दिवस होते. एरवी झिजका टायर चालवणारा माणूस वऱ्हाडासोबत जाताना तो राखलेला टायर काढून मागे चढवत होता. हे ऐकल्यावर माझी झोप उडाली.

ज्याची गोष्ट सांगायला मी हे सगळं लिहितो आहे तो वामन अशा लपवणाऱ्यांपैकीच एक. सेलूच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत त्याचं गाव. तिशीचा, कमी बोलणारा शेतकरी. टायर त्यानं माझ्याकडूनच नेला होता आणि तो मला आठवत होता, कारण त्यानं टायरला लाथ मारली नव्हती. मी सायकलवर त्याच्या घरी गेलो. गोठ्याच्या कोपऱ्यात त्याची जुनी फटफटी बारदान्यानं झाकलेली होती. मी बारदाना उचलून नंबर पाहिला. तोच.

"नाई देत, भाऊ," वामन म्हणाला.

"अरे, खराब हाय तो."

"तुम्ही कंपनीचे मानूस. तुम्ही असंच म्हनान." मग त्यानं सांगितलं. त्याची बायको सुमन दिवसांत होती. आदल्या खेपेला कळा सुरू झाल्यावर तिला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून दवाखान्यात न्यायला निघाले होते. नाल्याजवळची वाट सगळी चाकोऱ्यांची. बंडीचे हबके बसले, आणि मूल वाटेतच गेलं. त्यानंतर वामननं कोणाची तरी जुनी फटफटी घेतली, मागं बसणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून मागे नवा टायर टाकला, आणि गाडी झाकून ठेवली. स्वतः बाजाराला गेला तरच काढायचा. "त्या एका दिवसासाठी ठेवली हाय," तो म्हणाला. "अन् तुम्ही म्हन्ता चांगला टायर देऊन टाक."

सुमनवहिनी दारात येऊन उभी होती. सावळी, उंच, पोटाशी हात धरलेला. ती म्हणाली, "भाऊ उनातान्हात सायकल मारत आले, ते काय खोटं बोलाले आले?" तिनं मला पाणी दिलं. मी हात जोडले, तिच्या समोर पुन्हा सगळं सांगितलं, पण नवऱ्यानं बारदाना पुन्हा गाडीवर ओढला. मी परत निघालो. सगळा रस्ता मी त्याला शिव्या देत होतो, आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन कशी उभी होती ते आठवत होतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी शेठजींना न विचारता एक काम केलं. खडूची फुली मारलेला एक टायर उचलला, त्या गोदामातल्यांपैकीच, पण साहेब यायच्या आधी आमच्या दुकानाच्या गाडीवर काही दिवस चालवलेला. साहेबांनी तो पुराव्यासाठी ठेवायला सांगितला होता. तो घेऊन सेलूच्या बाजारात गेलो. चपला शिवणाऱ्या एका बाबांकडून रापी मागून घेतली. मिरचीवाल्यांच्या ओळीत उलट्या टोपलीवर चढलो आणि ओरडलो, "चांगलं परदेशी रबर पाह्याचं हाय काय कोनाले? या पाह्याले!"

माणसं जमली. टायर चिरणं सोपं नाही. मी घामानं निथळलो, बाबांची रापी बोथट झाली, मागून कोणीतरी "जेवून नाई आला काय?" असंही विचारलं. पण एकदाचा आडवा काप गेला. मी कडा धरून ओढली आणि आतला थर पोळीचा पापुद्रा सुटावा तसा आख्खा हातात आला. दोरे वेगळे, रबर वेगळं. काहीही न चिकटलेलं. मी तो सगळ्यांच्या हातात फिरवला. बायकांनीही हात लावून पाहिला. "याच्यावर बायकोले बसवता काय?" मी म्हटलं. "लेकराले बसवता काय?"

दुसऱ्या दिवसापासून टायर यायला लागले. एसटीतून माणसं उतरायची ती गळ्यात टायर घालून. एक जण घरी लग्न असताना उठून आला होता, अंगाला हळद तशीच. आमचे नसलेले, दुसऱ्या कंपनीचे, सायकलचे टायरसुद्धा आले. शेठजींनी त्यातलेही एक-दोन बदलून दिले. म्हणाले, "एवढ्या दुरून आला, त्याले रिकामा कसा धाडू?" पण नव्या टायरांचा साठा लगेच संपला, आणि पुढचा माल मालगाडीनं यायचा होता.

वामन मात्र त्या बाजाराच्या दिवशीच भेटला होता. गर्दी पांगल्यावर तो पुढे आला, मागे फटफटी उभी. त्यानं तो सुटलेला थर हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. मी म्हटलं, "तुमच्या गाडीच्या मापाचा दुकानात आता एकबी नाई. माल आला की मीच घरी आनून देतो. तवरोक याच्यावर बसून गाडी सुरू करू नका. अजिबात नाई."

"नाई करत," तो म्हणाला. आणि फटफटी हातानं ढकलत निघाला. मला हसू आलं. मला वाटलं, वळणाआड गेला की मारेल किक. सगळेच मारतात. एवढ्या वर्षांत माझं ऐकून हवा भरणारंसुद्धा मी कोणी पाहिलं नव्हतं.

माल आला त्या सकाळी मी पहिला टायर गळ्यात घातला आणि सायकल काढली. वर्धा सोडून पवनारच्या बाजूला लागलो. मे महिना. सकाळीच डांबर मऊ पडायला लागलं होतं. नदीच्या पुलाच्या अलीकडच्या चढावर मला समोरून एक घोळका येताना दिसला. वाटलं, कोणाची मिरवणूक असेल. पण वाजंत्री नव्हती. जवळ आल्यावर दिसलं, मध्ये एक फटफटी होती. बंद. तिच्यावर सुमनवहिनी आडवी बसली होती, डोळे मिटलेले, एका हातानं सीटची कड घट्ट धरलेली. एक म्हातारी सुईण तिच्या पाठीला हात लावून सोबत चालत होती. कोणी तिच्यावर ओलं धोतर धरलं होतं सावलीसाठी. मागून दोघं-तिघं ढकलत होते, आणि हँडल धरून वामन चालत होता. त्याच्या पायात चपला नव्हत्या. कुठं तरी डांबरात अडकून राहिल्या असाव्यात.

पहाटे कळा सुरू झाल्या होत्या. बंडीत बसायला वहिनीनं नकार दिला. बाजेवर झोपवून नेतो म्हणाले तर तेही नको. "फटफटी याच्यासाठीच घेतली ना? मंग मी फटफटीवरच जाईन," एवढंच ती म्हणाली. वाटेत एसटी मिळाली होती, कंडक्टरनं थांबवूनही धरली. पण गाडी वऱ्हाडानं ठासून भरलेली, आणि सुईण म्हणाली, आता हिला उठवू नका, बसली तशीच चालू द्या. तेव्हा गावातून ढकलत निघाले ते ढकलतच होते. गावातल्या दोन्ही मोहल्ल्यांतली माणसं आली होती. एरवी एकमेकांच्या विहिरीवर न जाणारी. थकलेला माणूस बाजूला व्हायचा, दुसरा हात लावायचा. रस्त्यावरच्या शेतातून, चहाच्या टपरीवरून नवी माणसं येऊन मिळत होती आणि कोणी काही विचारत नव्हतं.

मी सायकल टाकून दिली. "वामनभाऊ," मी म्हटलं, "सुरू काऊन नाई केली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. जरा नवल होतं, इतकंच. "तुम्हीच म्हनलं होतं ना," तो म्हणाला.

टायर बदलायला थांबूया का, असं मी विचारलं. सुईणीनं मान हलवली. मग मीही मागे जाऊन हात लावला. आणि तेव्हा मला ते हाताला कळलं. चाकाचा एक फेरा पूर्ण झाला की गाडी किंचित वर उचलली जायची आणि खाली बसायची. पुन्हा एक फेरा, पुन्हा तेच. टायरला फुगा धरला होता. बाजारात येण्या-जाण्यात, उन्हात उभं राहण्यात, कशात कोण जाणे, पण थर सुटायला लागले होते. मी ढकलणाऱ्यांना म्हटलं, "धीरे. एकदम धीरे." कोणाला कारण सांगितलं नाही. वहिनीच्या पाठीकडे बघत, माझ्या हाताखालून पुन्हा पुन्हा जाणारा तो फुगा मोजत मी वर्ध्यापर्यंत चाललो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही आणि इतकी श्रद्धाही. एका माणसानं माझा शब्द जसाच्या तसा धरला होता, आणि त्या शब्दावर गावच्या गाव चालत होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दुपारी मुलगी झाली. रडली. ते रडणं बाहेरच्या कडुनिंबाखाली बसलेल्या सगळ्यांना ऐकू आलं आणि ढकलणाऱ्यांपैकी एक धिप्पाड गडी तोंडावर दुपट्टा घेऊन ढसाढसा रडला. वामन भिंतीला टेकून खाली बसला आणि कितीतरी वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला. पाय भाजलेले होते.

त्याच कडुनिंबाखाली मी चाक खोललं. टायर उलटा करून आत हात घातला तर थरांच्या मध्ये माझा आख्खा तळवा गेला. मी तो टायर दुकानात नेला. कंपनीचे साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आतून बोटं फिरवली, मग विचारलं, "इसपे औरत को बिठाके लाया? चलाके?"

"नहीं साब. ढकेलके."

साहेब गोदामाच्या पायरीवर बसले. त्यांनी पुन्हा चहा नाकारला. जाताना मात्र त्यांनी तो टायर कंपनीच्या पोत्यात न टाकता स्वतः खांद्यावर घेतला आणि तसेच स्टेशनकडे चालत गेले. शेठजी दुकानाच्या दारात उभे राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होते.

सगळे टायर परत आले, असं मी म्हणणार नाही. आले नाहीत. काही जिल्ह्याबाहेर गेले असतील, काही लपवणाऱ्यांनी शेवटपर्यंत लपवलेच. कुठं रस्त्यावर फाटलेल्या रबराची पट्टी पडलेली दिसली की मी आजही वाकून नंबर शोधतो. मुलगा म्हणतो, बाबा, लोक बघतात. बघू देत.

पण मला शेवट सांगायचा आहे तो सुमनवहिनीला दवाखान्यातून घरी सोडलं त्या सकाळचा. मी नवा टायर आदल्याच दिवशी दवाखान्याच्या आवारात जाऊन बसवला होता. हवा दोनदा तपासली होती. वहिनी मागे बसली, मुलगी पदराखाली. वामन पुढे बसला. हँडल धरलं, पाय किकवर ठेवला आणि थांबला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," तो म्हणाला, "आता सुरू करू काय?"

त्यानं खरंच विचारलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो उतरला असता आणि बायकोला, पोरीला बसवून पुन्हा ढकलत गावाकडे निघाला असता. टायर नवा होता, नंबर चांगला होता, हवा बरोबर होती, सगळं मला माहीत होतं. आणि तरी तेवढ्यानं भागत नव्हतं. त्या पोरीकडे पाहिल्यावर, आतले दोरे बाहेरून दिसत नाहीत हेच आठवत राहिलं.

मी दोन पावलं पुढे झालो, त्या नव्या टायरला चपलेच्या टोकानं एक लाथ मारली आणि म्हटलं, "कर."